चार फुटी समुद्री टाकीसाठी घरीच बनवा सम्प आणि रेफ्युजियम

सम्प म्हणजे समुद्री माशांच्या टाकीखाली कॅबिनेटमध्ये ठेवायची दुसरी टाकी. ड्रेनच्या पाइपातून पाणी तिच्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. रेफ्युजियम म्हणजे तिच्यातला शेवाळ वाढवायचा कप्पा. काच कापायला देण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर काढा: वीज गेली तर खाली किती पाणी येईल, आणि ड्रेन तुंबला तर वर किती चढेल? घरात पाणी होतं ते बहुतेकदा हा हिशेब चुकल्यामुळे.

टाकी १२० × ४५ × ४५ सेंमी धरू. तिच्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण ५ लिटर. रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली ३ सेंमी असेल, तर पंप थांबताच उलटा सायफन लागून १५ लिटर पाणी खाली येतं. पाइपांतलं दोनेक लिटर वेगळं. म्हणून तोंड शक्य तितकं वरच ठेवा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. चुन्याचा थर किंवा एखादी गोगलगाय अडकली की तो पूर्ण मिटत नाही.

सम्पसाठी ९० × ३० × ३८ सेंमी, ६ मिमी काच पुरते. आधी कॅबिनेटचं दार मोजा, सम्प आत गेला पाहिजे. कप्पे पाडणाऱ्या काचेच्या आडव्या पट्ट्या आतल्या रुंदीपेक्षा ४ मिमी कमी कापून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकॉनला जागा राहते. कडा घासून आणा.

ड्रेनचा कप्पा २४ सेंमी लांब. त्यात फिल्टर सॉक (कचरा गाळणारी पिशवी) आणि स्किमर (बुडबुड्यांनी घाण वेगळी करणारं यंत्र). पुढची पट्टी २४ सेंमी उंच. मग ३५ सेंमीचं रेफ्युजियम. त्यानंतर बुडबुडे अडवण्यासाठी अडीच-अडीच सेंमी अंतरावर तीन पट्ट्या: पहिली २२ सेंमी उंच, मधली तळापासून अडीच सेंमी उचललेली आणि वर ३० सेंमीपर्यंत, तिसरी २० सेंमी. उरलेल्या २२ सेंमीत रिटर्न पंप. तिथे पाणी १८ सेंमीवर ठेवलं, तर वरून येणारे १७ लिटर सामावून सम्पमध्ये जागा उरते. आता दुसरा प्रश्न: ड्रेन तुंबला तर पंप आपल्या कप्प्यातलं जास्तीत जास्त ११ लिटर वर नेईल, म्हणजे टाकीत २ सेंमीहून थोडं जास्त. टाकीची पातळी काठाखाली ३ सेंमी ठेवा.

सिलिकॉन अ‍ॅसेटिक प्रकारचं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या. डब्यावर बुरशीरोधक लिहिलं असेल तर ते नको, त्यातलं रसायन प्राण्यांना घातक ठरतं. काच अ‍ॅसिटोनने पुसा, सांधे भरा आणि आठवडाभर हात लावू नका. मग सम्प सपाट जागी काठोकाठ भरून २४ तास ठेवा.

ड्रेनसाठी टाकीला भोक पाडणं काठावरून पाइपचा सायफन टाकण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. त्या सायफनमध्ये हवा साठली की वीज परतल्यावर तो चालू होत नाही, पंप मात्र चालू होतो. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते. आधी खात्री करा. भोकात बसवून पाइप जोडायचा टँक कनेक्टर प्लास्टिकचाच हवा. पितळेतलं तांबं पाण्यात उतरलं की प्रवाळ आणि कोळंबी मरतात. मुख्य ड्रेनशेजारी थोडा उंच असा दुसरा आणीबाणीचा पाइप द्या; त्यावर व्हॉल्व्ह बसवू नका.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढवून ताशी हजारेक लिटर हवं असेल तर उंचीनुसार प्रवाह दाखवणारा पंपाचा आलेख पाहूनच घ्या. वायरला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही.

रेफ्युजियममध्ये मूठभर कीटोमॉर्फा शेवाळ सोडा. कौलर्पा टाळा, ते प्रजननाच्या वेळी एका रात्रीत विरघळून शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडतं. वर ६५०० केल्विनचा एलईडी लावा, तोही रात्री. वरचे दिवे बंद झाले की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो. शेवाळाचा प्रकाश तेव्हा चालू असेल तर ही घसरण कमी होते. गोळा कप्पाभर झाला की अर्धा काढून टाका, कारण माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट शेवाळासोबतच बाहेर जातं. शेवाळ पांढरं पडून तुटत असेल तर प्रकाश कमी पडतोय किंवा नायट्रेट संपलंय.

पाणी भरल्यावर मुद्दाम तीन-चार वेळा मेन स्विच बंद-चालू करून बघा. पंपाच्या कप्प्यावर १८ सेंमीची खूण करा. बाष्पीभवनाची घट तिथेच दिसते आणि उन्हाळ्यात ती भराभर होते. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. वाफेसोबत मीठ जात नाही. मात्र वीज गेलेली असताना खूण पाहून पाणी ओतू नका किंवा काढू नका, पंप चालू होऊन पातळी स्थिरावू द्या.