अमेरिकेत बारावी : नव्याने आलेल्या आईबाबांसाठी सीनियर इयरबद्दल थोडं

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी नवीन कुटुंब भेटतं, मुलगा किंवा मुलगी अकरावी-बारावीच्या वयाची असते आणि प्रश्न ठरलेला असतो, ‘बारावीची परीक्षा कधी असते इथे, क्लास कुठला लावू?’ आमची लेक दहावी पुण्यात करून इथे न्यू जर्सीत अकरावीला बसली आणि मागच्या जूनमध्ये ग्रॅज्युएट झाली, तेव्हा जे जवळून बघितलंय ते सगळं लिहून काढतेय.

पहिली गोष्ट म्हणजे बोर्डाची परीक्षा डोक्यातून काढा. इथे बारावीच्या शेवटी सगळं ठरवणारी अशी परीक्षा नाहीच. नववी ते बारावी चारही वर्षांचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या एकत्रित गुणपत्रकावर, येतात आणि कॉलेज तेच बघतं. त्यामुळे सगळ्यात जास्त काम ऑगस्ट ते डिसेंबर असतं आणि आपण सवयीने फेब्रुवारी-मार्चसाठी कंबर कसून बसतो, तोपर्यंत बहुतेक अर्ज जाऊन पडलेले असतात. नव्या लोकांना मी हेच सगळ्यात आधी सांगते.

भारतातून निघताना नववीचा निकाल, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाची नोंद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये टाकू नका. आठवीपर्यंतचं इथे फारसं कुणी बघत नाही, पण नववी लागते. शाळेच्या काउन्सेलरने, म्हणजे विषय आणि कॉलेजचे अर्ज यांत मदत करणाऱ्या सल्लागाराने, आमच्याकडे प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम मागितला होता, विज्ञानात प्रयोग होते का आणि आठवड्याला किती तासिका होत्या हे सुद्धा, कारण त्यावरून क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याची एककं, द्यायचे असतात. तेव्हा जुन्या शाळेच्या लेटरहेडवर तेवढं लिहून आणलंत तर पुढची मेलामेल टळते.

न्यू जर्सीत ग्रॅज्युएट व्हायला कमीत कमी १२० क्रेडिट लागतात, काही डिस्ट्रिक्ट (गावातल्या शाळा चालवणारी संस्था) जास्तही मागतात. उशिरा आलेल्या मुलांचं घोडं अडतं ते अमेरिकन हिस्टरीवर, ती दोन वर्षांची सक्तीची आहे. शिवाय जिम दरवर्षी, अर्ध्या वर्षाचं फायनान्शियल लिटरसी, आर्ट्स, आणि परकी भाषा. म्हणजे मुलगा गणितात कितीही हुशार असला आणि एपी कॅल्क्युलस (कॉलेजच्या पातळीचं गणित) करत असला तरी बारावीत त्याच्या टाइमटेबलात हिस्टरी आणि जिम बसणारच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अकरावीच्या मार्चमध्ये एनजेजीपीए नावाची राज्याची परीक्षा असते, इंग्रजी आणि गणिताची. तिच्यात कमी पडलं तर सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा स्कोअर किंवा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचा संच, असे दुसरे रस्ते आहेत, तेव्हा धास्ती घेऊ नका, पण ती पार झाल्याची नोंद शाळेत आहे ना हे सीनियर इयर सुरू व्हायच्या आधी बघून घ्या. आणि मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांसाठी एक चांगली सोय आहे, सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा येत असल्याची अधिकृत मोहोर. त्यासाठी अवांत या संस्थेची स्टॅम्प परीक्षा मराठीतही असते, तुमचा डिस्ट्रिक्ट ती घेतो का, भाषेचे क्रेडिट देतो का हे विचारा. वीकेंडच्या मराठी शाळेत जाणारी किती मुलं आहेत इथे, त्यांना याचा पत्ताच नसतो याचं मला फार वाईट वाटतं.

आता अर्जाबद्दल. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं आणि त्यातून २० कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. अर्लीच्या, म्हणजे लवकरच्या फेरीच्या, शेवटच्या तारखा साधारण १ नोव्हेंबरच्या आसपास, रेग्युलरच्या जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली अ‍ॅक्शन आणि अर्ली डिसिजन ऐकायला सारखं वाटतं पण अर्ली डिसिजन म्हणजे शब्द दिला, मिळालं तर जायचंच, आणि त्या करारावर मुलाची, पालकांची आणि काउन्सेलरची अशा तिघांच्या सह्या असतात. पैशाचं गणित मांडल्याशिवाय ती सही करू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्च किती पडेल ते सांगणारा) असतो, एका रविवारी दोघांनी बसून आकडे टाकून बघा.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्यांनी हे नीट वाचा. फाफ्सा या सरकारी मदतीच्या अर्जामधून मिळणारी फेडरल मदत एच-४ वरच्या मुलांना मिळत नाही, ग्रीन कार्ड असेल तर मिळते. इन-स्टेट फीचे (राज्यातल्या रहिवाशांना लागणाऱ्या कमी फीचे) नियम राज्याराज्यात आणि कॉलेजागणिक वेगळे, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाला मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरू नका, कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला मेल करून लेखी उत्तर घ्या. काही कॉलेजं मदतीच्या बाबतीत आपल्या मुलांना इंटरनॅशनल धरतात. २१ पूर्ण झाल्यावर मूल एच-४ मधून बाहेर पडतं, तेही आत्ताच हिशोबात धरा. आणि काउंटी कॉलेजचं (दोन वर्षांच्या स्वस्त स्थानिक कॉलेजचं) नाव काढलं की आपल्या लोकांचे चेहरे पडतात ते मला अजिबात पटत नाही, दोन वर्षं तिथे करून रटगर्सला, म्हणजे राज्याच्या विद्यापीठाला, ट्रान्सफर होणारी कितीतरी मुलं आहेत आणि घरावरचा कर्जाचा बोजा खूप हलका होतो.

शिफारसपत्रं अकरावीच्या शिक्षकांकडून घ्यायची आणि ती मे-जूनमध्येच मागायची, सुट्टी लागण्याआधी. उशिरा आलेल्या मुलाला ओळखणारे शिक्षक मुळातच कमी असतात, म्हणून पहिल्या वर्षापासून शाळा सुटल्यावर दहा मिनिटं थांबून शंका विचारायची सवय लावा. काउन्सेलर पालकांकडूनही एक फॉर्म भरून घेतो, त्याला ब्रॅग शीट म्हणतात. आपल्याला मुलाचं कौतुक लिहायचा संकोच वाटतो आणि आपण ‘मेहनती आहे, आज्ञाधारक आहे’ एवढं लिहून सोडून देतो. तसं करू नका हो. घडलेली गोष्ट लिहा. माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं की मुलगा रोज धाकट्या भावाला बसवरून आणतो, खायला देतो आणि मग त्याचा गृहपाठ घेतो कारण आम्ही दोघं साडेसहाला येतो, आणि नेमकं तेच काउन्सेलरच्या पत्रात उतरलं. कॉमन अ‍ॅपमध्ये दहा अ‍ॅक्टिव्हिटी लिहायला जागा असते, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं, आणि त्यात घरातल्या जबाबदाऱ्यांचाही प्रकार आहे. ढोल-ताशा पथक, मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणं, सगळं चालतं.

निबंध ६५० शब्दांचा. तो मुलाला लिहू द्या. ऑफिसच्या मेलसारखी गुळगुळीत भाषा आपण त्यात घुसवली की त्यातलं मूल दिसेनासं होतं.

जानेवारीनंतर मुलं ढिली पडतात, इथे त्याला सीनियरायटिस म्हणतात. थोडं ढिलं पडू द्या पण ग्रेड घसरू देऊ नका, कारण कॉलेजला मिड-इयर रिपोर्ट (अर्ध्या वर्षाचे ग्रेड) जातो, शेवटचं ट्रान्सक्रिप्टही जातं, आणि फारच घसरलं तर मिळालेली अ‍ॅडमिशन रद्द होऊ शकते. मार्चअखेरपर्यंत बहुतेक निकाल येतात, १ मेपर्यंत एक कॉलेज ठरवून डिपॉझिट भरायचं, आणि मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपीच्या परीक्षा. निकाल संध्याकाळी पोर्टलवर येतात, त्या वेळी मूल एकटं खोलीत जाऊन बघणार असेल तर बघू द्या, दार वाजवू नका आणि भारतात लगेच फोन लावू नका.

आणि मग उरतो तो वर्गाचा काळ. होमकमिंग (शाळेचा शरदातला सोहळा), सीनियर नाइट (बारावीच्या मुलांचा कौतुकसोहळा), इयरबुक (वर्षभराच्या फोटोंचं पुस्तक), प्रॉम (निरोपाची नाचगाण्याची पार्टी). नवीन आईबाबांना हे सगळं खर्चिक थेर वाटतं, पण जी मुलं दोन वर्षांपूर्वी कुणालाच ओळखत नव्हती त्यांना याच कार्यक्रमांमधून आपला वर्ग मिळतो असं मी डोळ्यांनी बघितलंय. आमची लेक पहिलं वर्षभर लंचला लायब्ररीत बसायची. बारावीत इयरबुकच्या टीममध्ये गेली, सगळ्यांचे फोटो गोळा करायचे म्हणून दिसेल त्याच्याशी बोलावं लागलं, आणि मेमध्ये घरी बारा-पंधरा जण पावभाजी खायला! म्हणून प्रॉमला नको म्हणण्याआधी विचार करा. ड्रेस उसना मिळतो, लिमो लागतेच असं नाही, चार घरांनी मिळून मुलांना सोडलं-आणलं तरी चालतं. खर्चाची अडचण असेल तर काउन्सेलरला खासगीत सांगा, बऱ्याच शाळांत कॅप-गाउन आणि तिकिटासाठी मदत होते आणि कुणाला कळत नाही.

आजी-आजोबांना ग्रॅज्युएशनला बोलवायचं असेल तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं आदल्या वर्षीच बघा. समारंभ जूनच्या उत्तरार्धात असतो पण तारीख पक्की समजू नका, हिवाळ्यात बर्फामुळे शाळा बंद राहिली की ते दिवस शेवटी भरून काढतात आणि समारंभ पुढे जातो, म्हणून परतीचं तिकीट जुलैचं काढा. घरटी पास मोजकेच मिळतात, जास्त हवे असतील तर ज्यांचे नातेवाईक येत नाहीत अशा घरांना एप्रिलमध्येच विचारून ठेवा, तेव्हा लोक आनंदाने देतात.