कांदा चाळीत भरू की विकून टाकू? अडलेला निर्णय कागदावर कसा सोडवावा

एप्रिल सरत आला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-चांदवडकडच्या घरांत एकच घोळ चालतो: उन्हाळ कांदा आत्ताच लासलगावच्या बाजारात न्यायचा की चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरायचा? भाव, घट, सोसायटीचं कर्ज, शेजाऱ्याचा सल्ला. डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टीच नीट मावतात. पाचवी आली की पहिली निसटते, म्हणून तोच विचार रात्रभर गरगरत राहतो. वहीत उतरवलं की त्या गोष्टी धरून ठेवायचं काम वही करते. अर्धा तास लागतो. फोन तेवढा दुसऱ्या खोलीत ठेवावा.

आधी पानाच्या डोक्यावर तारीख आणि प्रश्न लिहा. ‘कांद्याचं काय?’ हा प्रश्न नव्हे. ‘१०० क्विंटल कांदा आज विकावा की चार महिने ठेवावा?’ असा लिहा. प्रश्नात आकडा किंवा मुदत बसत नसेल, तर अडचण नेमकी कुठे आहे तेच अजून ठरलेलं नाही.

मग दहा मिनिटं न थांबता, न खोडता मनात येईल ते लिहा. घरात भांडताना बोलता त्याच भाषेत. शुद्धलेखन बघू नका.

आता खरं काम. त्यातलं प्रत्येक मत ‘कारण’ घालून पूर्ण वाक्यात लिहा. नुसते ‘भाव – वाढेल’ असे मुद्दे मांडले की आपल्याला सगळं कळलंय असं वाटतं. वाक्य पुरं करायला गेलं की अडतं. ‘ठेवलेला बरा, कारण भाव वाढेल.’ किती वाढला म्हणजे बरा? उदाहरणादाखल आजचा भाव १२०० रुपये धरा, म्हणजे १०० क्विंटलचे १,२०,००० रुपये. सड, कोंब आणि सुकवा मिळून ३० टक्के घट झाली तर उरतो ७० क्विंटल. भाव १५०० झाला तरी हाती येतात १,०५,००० रुपये. तोंडी ‘तीनशे रुपये जास्त मिळाले’, कागदावर पंधरा हजारांचा तोटा! बरोबरीलाच साधारण १७१५ रुपये भाव हवा, आणि यात निवडणीची मजुरी धरलेलीच नाही.

त्याच पानाच्या समासात ‘माहीत नाही’ असं लिहून रकाना करा. गेल्या वर्षी आपल्या चाळीत घट नेमकी किती झाली? कर्जाचा हप्ता कधी? प्रत्येकापुढे कुणाला विचारायचं तेही लिहा. बऱ्याचदा चिंता कमी करायला एवढा रकानाच पुरतो.

नंतर आपल्याला नको असलेली बाजू पाच ओळींत मांडा, पण अशी की त्या बाजूचा माणूस म्हणेल, ‘हेच म्हणतोय मी.’ इथे बरेच जण चुकारपणा करतात.

वही मिटा. सकाळी मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे बहुधा विचारही कच्चा असतो. तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलेलं दिसलं तर लिहिणं थांबवा. तो विचार नव्हे, घोर आहे. त्याला शाई नको, बाजार समितीत एक चक्कर हवी.

शेवटी निर्णय अटीसकट एका ओळीत: ‘निम्मा आज विकतो, निम्मा ठेवतो; सड दिसू लागली तर भाव न बघता काढतो.’ दिवाळीत हे पान उघडा. तोवर ‘मला आधीच माहीत होतं’ असं घरातला प्रत्येक जण म्हणत असेल.