दहावी आली म्हणून बूट माळ्यावर टाकू नका: या चुका टाळा

जून उजाडला की कोल्हापुरात दहावीच्या घरोघरी एकच फर्मान निघतं, "आता खेळ बंद!" ही पहिली चूक. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज संध्याकाळी पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायचा. दहावीत आईनं त्याचे बूट माळ्यावर टाकले. दिवाळीपर्यंत पोरगं चिडचिडं झालं. भूमितीचं एकच प्रमेय चार-चारदा वाचायचं आणि पुस्तकावरच डुलक्या घ्यायचं. मी म्हटलं, "ताई, बूट खाली काढा." महिन्याभरात तो स्वतःहून सांगायला आला, "सर, आता वाचलेलं डोक्यात राहतंय."

यात जादू काही नाही. पळताना मेंदूला रक्त जास्त पोचतं, खेळून आल्यावर काही काळ लक्ष चांगलं लागतं, मनावरचा ताण उतरतो. रात्री गाढ झोप लागते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळा खेळ रविवारवर ढकलून हे साधत नाही.

दुसरी चूक आम्हा शिक्षकांची. गृहपाठ नाही म्हणून उठाबशा, आणि खेळाच्या तासाला गणित! व्यायाम म्हणजे शिक्षा, हे मुलांच्या मनात आपणच भरवतो.

तिसरी चूक म्हणजे खेळ फक्त पदकासाठी समजणं. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत पदक मिळवणारे खाशाबा जाधव, २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत पदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे, हा आपला अभिमान आहेच. पण संघात निवड झाली नाही म्हणून मूल घरी बसलं, तर तोटा त्याचाच. त्याला दोरीवरच्या उड्या चालतील, रंकाळा तलावाभोवती झपझप चालणंही चालेल. मुलींचं तर सातवी-आठवीतच "मोठी झालीस आता" म्हणून मैदान सुटतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण मन मोकळं व्हायची गरज त्याच वयात सर्वांत जास्त असते.

वेळच मिळत नसेल तर क्लासला सायकलनं पाठवा आणि साठ मिनिटांतला उरलेला वेळ तुकड्यांत भरून काढा. खेळून आल्यावर झोप येत असेल तर आधी अभ्यास, मग जेवण. खेळामुळे रात्री झोप उडत असेल तर खेळाची वेळ अलीकडे घ्या. आणि दोन-तीन आठवडे मूल गप्प असेल, आवडत्या खेळातही रमत नसेल, तर नुसतं मैदानावर पिटाळू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा.