छोट्या हॉलमध्ये बँड ऐकायला जाताना

शंभर-दीडशे माणसांच्या हॉलमध्ये सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो उभं कुठे राहायचं याचा. बहुतेक जण स्टेजला चिकटतात आणि मग गाण्याचे शब्दच कळत नाहीत म्हणून कुरकुरतात. कारण साधं आहे: ड्रम आणि गिटारचा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) समोरून थेट कानावर आदळतात, गायकाचा आवाज मात्र दोन बाजूंच्या स्पीकरमधून येतो आणि ते स्पीकर तुमच्या मागच्या गर्दीकडे वळवलेले असतात. साउंड इंजिनिअरच्या मिक्सरपुढे दोन-तीन पावलांवर जागा धरा. तो जे ऐकून आवाज जुळवतो, जवळपास तेच तुम्हाला ऐकू येईल. कोपरे टाळा, तिथे बास, म्हणजे खालचा जाड आवाज, नुसता घुमतो.

कानात इअरप्लग हवेतच. १०० डेसिबलला साधारण १५ मिनिटांतच कानाची दिवसभराची मर्यादा संपते. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसता कोंबला तर बाहेर येतो, मग लोक प्लगलाच नावं ठेवतात.

दार उघडण्याची आणि वाजवायला सुरुवात होण्याची वेळ वेगळी असते, तिकीट नीट वाचा. पाठीवरची सॅक पुढे घ्या. मोबाईलवर एखादं गाणं टिपलंत तर हरकत नाही, फ्लॅश तेवढा बंद ठेवा.