न्यूझीलंडला कॅम्परव्हॅन घेताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये आता मेच्या सुट्टीच्या गप्पा न्यूझीलंडपर्यंत पोचल्या आहेत. कोणीतरी कॅम्परव्हॅनचा, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा विषय काढतं आणि लगेच उत्तर येतं, "डावीकडूनच तर चालवायची आहे. घोडबंदर रोडवर रोज गाडी काढणाऱ्याला त्यात काय?" ते चूक नाही. आपल्याकडची मंडळी तिथे स्टीअरिंगवर फारशी अडत नाहीत. ती अडतात पाण्याच्या टाकीवर, विजेच्या प्लगवर आणि संडासाच्या कॅसेटवर, म्हणजे संडासाखालच्या बाहेर काढून रिकाम्या करायच्या टाकीवर. त्याआधी अडतात घरी बसून केलेल्या आखणीवर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दहा दिवसांत दोन्ही बेटं उरकायची हौस. एका बेटावरून दुसऱ्यावर नेणारी वेलिंग्टन ते पिक्टन ही बोटीची फेरीच साडेतीन तासांची. त्यात बंदरावर आधी पोचणं, रांग, गॅस बंद करणं हे सगळं धरलं की दिवस गेला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी फक्त दक्षिण बेट घ्यावं, हे माझं ठाम मत. अंतरंही पुणे एक्स्प्रेसवेच्या हिशोबाने धरू नका. 'ते आनाऊ' या गावापासून मिलफर्ड साउंडपर्यंतचं अंतर जेमतेम १२० किलोमीटर आहे, पण वळणं, चढ आणि होमर बोगदा यांमुळे कॅम्परव्हॅनला दोन तासांहून जास्त लागतात, आणि मध्ये मोबाइलला रेंज नसते. डिझेल 'ते आनाऊ'लाच भरून घ्या. मे ते नोव्हेंबर या काळात या रस्त्यावर बर्फासाठी चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. आपली मेची सुट्टी म्हणजे तिथला शरद ऋतू संपत आलेला असतो, क्वीन्सटाउनला महिनाअखेरीस पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो, तरी रात्री चांगल्याच गार.

कागदपत्रांत गोंधळ होतो तो इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवरून. इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स तिथे चालतं, पण गाडी भाड्याने देणारे परमिटही मागू शकतात, म्हणून काढून ठेवलेलं बरं. ते आपल्या आरटीओतूनच निघतं, एमएच-०४ असो की एमएच-४३, आणि वर्षभर चालतं. वेबसाइटवर कोणी दोन-तीन वर्षांचं 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकत असेल तर तो कागद उपयोगाचा नाही. दुसरी गोष्ट, डिपॉझिट. ते मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्डावर सगळी भिस्त ठेवून काउंटरवर उभं राहिलात तर चावी मिळायला वेळ लागेल. विम्याचे कागद सही करण्याआधी वाचा. छप्पर आणि गाडीचा तळ यांचं नुकसान बऱ्याचदा साध्या विम्यात धरलेलं नसतं, आणि कच्च्या रस्त्यांवर तर बंदीच असते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइंटी माइल बीच ही त्यातली ठळक नावं. गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मॉलच्या पार्किंगपाशी ती आठवत बसायला वेळ नसतो. डिझेलच्या गाडीला दर किलोमीटरमागे रस्ता-कर लागतो. तो भाड्यात धरलाय की वेगळा, हे बुकिंग करतानाच विचारा.

मुलं लहान असतील तर आसनांची चौकशी सगळ्यात आधी करा. तिथे सातव्या वाढदिवसापर्यंत चाइल्ड सीट सक्तीची आहे, आणि मागच्या प्रत्येक बाकाला ती बसतेच असं नाही. चार जण झोपू शकतील अशी गाडी चार जणांना कायदेशीर बसवेलच, हेही गृहीत धरू नका. चालत्या गाडीत आजीला मागे पलंगावर आडवं होता येणार नाही. सगळ्यांनी पट्टा लावूनच बसायचं.

रस्त्यावर एक गोष्ट मात्र शिकून जायला हवी, ती म्हणजे एकपदरी पूल. तुमच्या बाजूला लाल कडेची गोल पाटी असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळी पाटी असेल तर आधी जाण्याचा हक्क तुमचा, तरी समोर बघूनच शिरा. इथे आपल्या सवयीचा 'मी आधी घुसतो' कामाचा नाही. चौकातल्या गोलाकार वळणावर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. मागे गाड्या साठल्या की जागा बघून डावीकडे घ्या आणि त्यांना पुढे जाऊ द्या. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर असली, तरी साडेतीन टनांवरच्या गाडीला ती ९० आहे. आणि विमानतळावरून उतरल्या उतरल्या गाडी ताब्यात घेऊ नका. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा ते साडेसात तास पुढे असतं, पहिली रात्र हॉटेलात झोपून काढा.

आता गाडीतल्या घराच्या कटकटी. प्लगांमध्ये वीजच नाही, अशी तक्रार पहिल्याच संध्याकाळी येते. मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग फक्त हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे पैसे भरून गाडी लावायच्या मुक्कामाच्या जागी, बाहेरची वायर जोडल्यावर चालतात. रस्त्याकडेला उभे असाल तेव्हा दिवे, पंप आणि फ्रिज तेवढे गाडीतल्या वेगळ्या बॅटरीवर. वायर जोडूनही वीज नसेल तर गाडीतला आणि बाहेरच्या खांबावरचा, दोन्ही ट्रिप स्विच बघा. किटली आणि हीटर एकदम लावले की तो हमखास पडतो. आपली उपकरणं तिथल्या २३० व्होल्टवर चालतात, फक्त तिरप्या पिनांचा अडॅप्टर न्या. घरचा मिक्सर न्यायचा मोह आवरा, कोरडी चटणी आधीच कुटून ठेवा.

पाण्याचा पंप घरघरतोय पण पाणी येत नाही? टाकी रिकामी असेल. नळ बंद असूनही पंप थांबत नसेल तर कुठेतरी गळती आहे किंवा दुसरा नळ अर्धवट उघडा राहिलाय. शेगडी पेटत नसेल तर सिलिंडरचा कॉक आधी बघा. डिझेलवरचा हीटर रात्री मध्येच बंद पडला, तर बऱ्याच गाड्यांत टाकी पाव भागाच्या खाली गेली की तो इंधन ओढत नाही. म्हणून थंडीत टाकी अर्धी झाली की पेट्रोल पंप शोधा.

संडासाच्या कॅसेटबद्दल आपल्याकडे सगळे गप्प बसतात आणि शेवटी काम एकाच्याच गळ्यात पडतं. निघण्याआधीच पाळ्या ठरवा. लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका, दर एक-दोन दिवसांनी डंप स्टेशनवर, म्हणजे ही घाण ओतायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करा आणि नंतर रसायन टाकायला विसरू नका. झडप उघडत नसेल तर जोर लावू नका, कॅसेट नीट आत सरकलेली नसते. भांड्यांचं सांडपाणी झाडाखाली सोडणं हा तिथे सरळ गुन्हा आहे. फुकट मुक्कामाच्या जागांवरही बहुतेक ठिकाणी गाडी सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे संडास आणि सांडपाण्याची सोय स्वतःतच असलेली, असल्याचा हिरवा परवाना लागतो, आणि २०२३ च्या कायद्यानंतर त्यासाठी पक्का बसवलेला संडास हवा.

खाण्याचं सामान नेताय तर आगमनाच्या फॉर्मवर सगळं लिहा. मध नेऊच नका. जांभळी नाक्यावरून भरलेले मसाले, लोणची, चकल्या, जे काही असेल ते जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेल्या वस्तूवर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट माती काढून धुऊन न्या, तेही तपासतात.

दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि फियर्डलँडमध्ये सॅंडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, त्यामुळे संध्याकाळी दारं-खिडक्या जाळी लावूनच उघडा. आर्थर्स पासला किया पोपट वायपरचं रबर ओरबाडतात. त्यांना खाऊ घालू नका, फोटो मात्र भरपूर काढा.

गाडी परत देताना कंपनीचा डेपो बंद होण्याची वेळ आदल्या दिवशी तपासा, बरेच डेपो दुपारनंतर लवकर आवरतात. कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी आदल्या संध्याकाळी रिकामी करा, डिझेल सकाळी भरा आणि पावती हातात ठेवा.