चार धरणांचा साठा पडद्यावर: प्रोसेसिंगला एसक्यूलाइट कसं जोडायचं

पावसाळ्यात पुण्यात रोज सकाळी एकच आकडा शोधला जातो: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून किती टीएमसी (अब्ज घनफूट) झालं? प्रोसेसिंग ही चित्रं काढायला सोयीची प्रोग्रॅमिंग भाषा, तिच्यातला प्रोग्रॅम म्हणजे स्केच. हे आकडे स्केचमध्येच लिहिले तर रोज कोड उघडावा लागतो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवले तर कोडला हात लावायची गरज उरत नाही. सर्व्हर नको, पासवर्ड नको, सगळा डेटाबेस एका फाइलीत. (खाली आज्ञांची नावं देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची.)

प्रोसेसिंग ४ मध्ये नवं स्केच उघडा आणि आधी सेव्ह करा. सेव्ह न केलेलं स्केच तात्पुरत्या फोल्डरमध्ये असतं, तिथे डेटाबेस ठेवण्यात अर्थ नाही. मग झेरियलचा एसक्यूलाइट-जेडीबीसी हा ड्रायव्हर (प्रोसेसिंग आणि एसक्यूलाइटमधला दुवा), म्हणजे एक जार फाइल, उतरवून घ्या आणि एडिटरच्या खिडकीवर ओढून सोडा. ती स्केचमधल्या ‘कोड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते. ड्रायव्हरच्या काही आवृत्त्यांना एसएलएफ४जे-एपीआय ही दुसरी जारही लागते, तीही तशीच टाका. नाहीतर ‘नो क्लास डेफ फाउंड’ अशी चूक येते आणि माणूस दोष एसक्यूलाइटमध्ये शोधत बसतो.

डेटाबेस बनवायला डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हा प्रोग्रॅम (पुढे नुसता ‘ब्राउझर’) सोयीचा. फाइल स्केचच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये ठेवा. तो नसेल तर करा. तक्ता एकच, रकाने तीन: तारीख (टेक्स्ट), धरण (टेक्स्ट), टीएमसी (रिअल, म्हणजे दशांश संख्या). तारीख आणि धरण मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) करा, म्हणजे ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ने त्याच दिवसाचा सुधारलेला आकडा जुन्याच्या जागी बसतो, दोन ओळी होत नाहीत.

एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा प्रकार नाही, तारीख मजकूर म्हणूनच राहते. म्हणून वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर ३० जून हा २ ऑगस्टच्या पुढे जातो आणि ‘सगळ्यात अलीकडची तारीख’ विचारली की चुकीची ओळ येते. दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी: साठ्याचे आकडे इंग्रजी अंकांत भरा. देवनागरी अंकांतला साठा रिअल रकान्यात मजकूर म्हणून पडून राहतो, बेरजेत तो शून्य धरला जातो आणि कुठेही चूक दिसत नाही. एसक्यूलाइट ३.३७ किंवा नंतरचं असेल तर तक्ता ‘स्ट्रिक्ट’ करा. मग असा आकडा आत घेतलाच जात नाही.

आता स्केच. वर जावा-एसक्यूएल इम्पोर्ट करा. कनेक्शनचं चल (व्हेरिएबल) बाहेर जाहीर करा, पण ते उघडा सेटअपमध्येच, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात: ड्रायव्हर मॅनेजरच्या गेट कनेक्शनला ‘जेडीबीसी:एसक्यूलाइट:’ आणि त्याला जोडून डेटापाथने दिलेला फाइलचा पूर्ण पत्ता द्या. डेटापाथ सेटअपच्या आधी चालत नाही. सगळं ट्राय-कॅचमध्ये हवं, नाहीतर कोड कंपाइलच होत नाही.

पूर्ण पत्त्याचा आग्रह यासाठी, की फाइल सापडली नाही तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही, त्या नावाची नवी रिकामी फाइल तयार करतं. मग ‘नो सच टेबल’ दिसतं, आणि ब्राउझरमध्ये तर तक्ता समोर असतो! ही चूक आली की आधी पत्ता प्रिंट करून बघा. दहातल्या नऊ वेळा गोंधळ तिथेच असतो.

ओळी वाचताना रकान्यांची मोजणी १ पासून होते, शून्यापासून नाही. मूल्यं भरताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हं असलेली आज्ञा, वापरा, मजकूर जोडून आज्ञा बनवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) ड्रॉमध्ये टाकू नका. ड्रॉ सेकंदाला साधारण ६० वेळा चालतं आणि साठा दिवसातून एक-दोनदा बदलतो. सेटअपमध्ये वाचून आकडे अ‍ॅरेत ठेवा, ड्रॉने फक्त अ‍ॅरे बघावा. बदल आपोआप दिसायला हवा असेल तर ६० फ्रेममागे एकदा ‘प्रॅग्मा डेटा व्हर्जन’ विचारा. दुसऱ्या कुणी फाइल बदलली की त्याचं मूल्य बदलतं, तेव्हाच पुन्हा वाचा. ब्राउझरमध्ये आकडा भरून ‘राइट चेंजेस’ दाबलं नसेल तर स्केचला जुनाच आकडा दिसतो, आणि स्केच लिहायला गेलं तर ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येतं.

मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे एकदम भरताना ऑटो-कमिट (प्रत्येक बदल लगेच पक्का करणं) बंद करा आणि शेवटी एकदाच कमिट करा. नाहीतर प्रत्येक ओळ डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबणं होतं, आणि हजार ओळींना ते जाणवतं. मध्येच स्केच बंद पडून ‘जर्नल’ शेपटीची फाइल मागे राहिली तर ती पुसू नका. पुढच्या वेळी तिच्याच आधारे अर्धवट काम मागे घेतलं जातं.

चित्रासाठी १ टीएमसीला २५ पिक्सेल धरा. वरसगावची क्षमता १२.८२ टीएमसी, म्हणजे उंची सुमारे ३२०, पानशेत १०.६५ म्हणजे २६६, टेमघर ३.७१ म्हणजे ९३, खडकवासला १.९७ म्हणजे जेमतेम ४९. प्रोसेसिंगच्या पडद्यावर वाय (उभा अक्ष) खाली वाढतो, म्हणून पाण्याचा आयत ‘तळ उणे उंची’पासून काढा. टक्केवारीचे खांब काढू नका: भरलेलं खडकवासला भरलेल्या वरसगावएवढं दिसेल, आणि एकूण २९.१५ टीएमसीत कुणाचा वाटा किती हेच हरवेल.

धरणांची नावं चौकोनी डबे होऊन आली तर क्रिएट फॉन्टने देवनागरी फॉन्ट द्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. व्हीएलडब्ल्यू (प्रोसेसिंगचा स्वतःचा प्रकार) फॉन्ट टाळा. त्यात एकेका अक्षराचं वेगळं चित्र असतं, त्यामुळे काना-मात्रा आणि जोडाक्षरं तुटतात.