टेबलावरचा फँटसी रोलप्लेइंग खेळ संगणकावर पाळीपाळीने कसा उतरवावा

टेबलाभोवती चौघे बसले आहेत. त्यांच्यातली एक म्हणते, "मी समोरचे बाकडे लाथेने उलटवते, म्हणजे तो गॉब्लिन त्याच्याखाली अडकेल." नियमपुस्तकात बाकडे उलटवण्याबद्दल एक ओळही नाही. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, क्षणभर थांबतो, बाकड्याच्या वजनाचा अंदाज घेतो, "ताकदीसाठी वीस बाजूंचा फासा टाक, बारा किंवा जास्त हवेत" असे सांगतो आणि डाव पुढे सरकतो. या सगळ्याला दहा सेकंदही लागत नाहीत. असा खेळ संगणकावर आणायचा म्हटले की आपण साहजिकच नियमपुस्तक उघडतो आणि पहिल्या पानापासून कोड लिहायला बसतो. त्यात हे दहा सेकंद हातून निसटतात. नियम उतरवणे हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो गेम मास्टरच्या निर्णयांना संगणकात जागा करून देण्याचा, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या तोच धरून मांडल्या आहेत.

पहिली पायरी: वही घेऊन एक डाव पाहावा

कोडला हात लावण्याआधी एका पूर्ण डावाला बसावे, स्वतः खेळू नये, आणि गेम मास्टर जेव्हा जेव्हा काही ठरवतो तेव्हा ते लिहून काढावे. डाव संपल्यावर या नोंदींचे तीन गट पडतात. पहिला गट निव्वळ हिशेबाचा: फाशात बेरीज मिळवणे, जखमेचे गुण वजा करणे, कोणत्या मंत्राच्या किती फेऱ्या उरल्या हे लक्षात ठेवणे. हे काम संगणक माणसापेक्षा कितीतरी चांगले करतो. दुसऱ्या गटात मर्यादित पर्यायांतून केलेली निवड येते. खांबाआड उभा असलेला तिरंदाज अर्धा झाकला की पूर्ण, हे तशा प्रकारचे. अशा प्रत्येक निर्णयासाठी आपल्याला स्वतःचा स्पष्ट नियम लिहावा लागतो. तिसरा गट उलटलेल्या बाकड्याचा. तिथे संगणकाला आयत्या वेळी काही सुचत नाही, म्हणून जे हवे ते आधीच घडवून ठेवायचे, नाहीतर मोकळ्या मनाने सोडून द्यायचे.

ही अडचण जुनीच आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा फँटसी रोलप्लेइंग खेळ 1974 मध्ये आला. त्याच्या प्रगत आवृत्तीच्या नियमांवर 1988 मध्ये निघालेल्या 'पूल ऑफ रेडियन्स' या संगणकी खेळात लढाई पाळीपाळीने चालत असे. गेम मास्टरने सांगावीत अशी लांब वर्णने मात्र सोबतच्या छापील पुस्तिकेत होती, आणि अमुक क्रमांकाची नोंद वाचा असे पडद्यावर येई. गेम मास्टरचा आवाज कुठे ठेवायचा, हा प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवला होता.

दुसरी पायरी: नियमसंच निवडावा आणि त्याला कात्री लावावी

स्वतःचे नियम रचायचे नसतील, तर डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमांचा दस्तऐवज, म्हणजे एसआरडी 5.1, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला आहे. श्रेय दिले की तो वापरता येतो. त्यात मूळ पुस्तकांतले सगळे मात्र नाही: प्रत्येक वर्गाचा (योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकाराचा) एकच उपवर्ग आहे आणि अनेक मंत्र व राक्षस गाळलेले आहेत. पहिल्या प्रयत्नासाठी तेवढेही जास्तच होते. टेबलावर पात्राच्या वीस पातळ्या असतात, पण 2023 च्या 'बॉल्डर्स गेट 3' या प्रचंड खेळानेही बाराव्या पातळीवर थांबणे पसंत केले, कारण त्यापुढचे मंत्र जगच बदलून टाकतात. नवख्याने पाच पातळ्या, चार वर्ग आणि वीस मंत्र एवढ्यावर समाधान मानावे.

तिसरी पायरी: चित्रांशिवाय एक लढाई चालवावी

आधी नुसत्या अक्षरांत, दोन बाजूंची एकच लढाई चालवून पाहावी. फेरी सुरू होते, क्रम ठरतो, प्रत्येकाची पाळी येते, पाळीत एक मुख्य कृती, एखादी जादा कृती आणि ठरावीक अंतराची हालचाल मिळते, पाळी संपते. पाळीच्या आरंभी आणि शेवटी काय काय घडते याची यादी इथेच पक्की करावी, कारण विष कधी उतरते आणि ढालीचा मंत्र कधी मावळतो यावरचे निम्मे गोंधळ तिथूनच उगवतात.

क्रम ठरवण्याच्या फाशाकडेही लक्ष द्यावे. टेबलावर तो वीस बाजूंचा असतो, त्यामुळे चपळाईचे तीन गुण फाशाच्या चढउतारात बुडून जातात. 'बॉल्डर्स गेट 3' मध्ये तोच फासा चार बाजूंचा केला आहे. त्याने चपळ पात्र खरोखर आधी येते, शिवाय एकाच बाजूची पात्रे क्रमात लागोपाठ येण्याची शक्यता वाढते, आणि तशी ती आली की खेळाडू त्यांना हव्या त्या क्रमाने चालवू शकतो. एका फाशाच्या बाजू बदलून लढाईची चाल बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

चौथी पायरी: एक हल्ला अनेक तुकड्यांत मोडावा

इथे घाई करू नये. नवखा लेखक हल्ला म्हणजे एकच क्रिया समजतो: फासा टाकला, लागला, गुण वजा झाले. आता ऑर्क आपल्या जादूगारावर कुऱ्हाड चालवतो असे समजा. जादूगाराचा चिलखत-अंक 15 आहे, म्हणजे घाव लागायला फासा आणि हल्ल्याचे गुण यांची बेरीज निदान 15 हवी, आणि ऑर्कची बेरीज आली 16. घाव लागला. पण पाचव्या आवृत्तीत जादूगाराजवळ ढालीचा मंत्र असतो. घाव लागला हे कळल्यावर, दुसऱ्याच्या पाळीत, प्रतिक्रिया म्हणून तो म्हणता येतो आणि चिलखत-अंक पाचने वाढून 20 होतो. म्हणजे लागलेला घाव आता चुकला. कोडमध्ये फासा आणि जखम एकाच ओळीत बांधलेले असतील, तर या मंत्राला शिरायला फटच राहत नाही.

म्हणून हल्ल्याचे टप्पे वेगळे करावेत: लक्ष्य ठरले, फासा पडला, निकाल जाहीर झाला, जखम मोजली, जखम लागू झाली. प्रत्येक टप्प्यानंतर खेळाने थांबून "कुणाला काही करायचे आहे का?" असे विचारले पाहिजे. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी हे थांबे मागाहून घालायला गेलो आणि हल्ल्याचा सगळा कोड पुन्हा लिहावा लागला. शत्रूच्या मंत्राला आपला जादूगार तोडतो आणि त्या तोडीला शत्रूचा दुसरा जादूगार तोडतो, अशी साखळी आली की हे थांबे एकावर एक रचावे लागतात आणि शेवटची प्रतिक्रिया सर्वांत आधी सोडवावी लागते.

मात्र प्रत्येक थांब्यावर खेळाडूसमोर प्रश्नाची चौकट आली, तर चार फेऱ्यांत तो कंटाळून जाईल. टेबलावर गेम मास्टर डोळ्यांनीच विचारून घेतो. इथे आपल्याला विचारण्याचे नियम करावे लागतात. शत्रू जवळून निसटताना त्याच्यावर मिळणारा फुकटचा वार आपोआप होऊ द्यावा. ढालीबद्दल मात्र तिने निकाल बदलणार असेल तेव्हाच विचारावे: वरच्या उदाहरणात बेरीज 15 ते 19 असेल तर प्रश्न यावा, 20 किंवा अधिक असेल तर येऊ नये, आणि फाशावर थेट वीस पडले असतील तर बेरीज कितीही असो, तो घाव लागणारच, म्हणून तेव्हाही येऊ नये. मंत्र तोडायचा की नाही, हे मात्र दर वेळी खेळाडूलाच विचारावे. तो निर्णय त्याच्या हातून काढून घेणे म्हणजे जादूगार खेळण्यातली मजाच काढून घेणे.

पाचवी पायरी: फासे खरे ठेवावेत आणि दाखवावेत

हल्ल्यात पाच मिळवायचे आहेत आणि समोरचा चिलखत-अंक 15 आहे. म्हणजे फाशावर दहा किंवा जास्त हवेत आणि यशाची शक्यता 55 टक्के. लागोपाठ तीन वार चुकण्याची शक्यता जवळपास 9 टक्के निघते, जी दिसते त्याहून बरीच मोठी आहे. टेबलावर आपण स्वतःच्या हाताने फासा टाकतो, म्हणून नशिबाला दोष देतो. पडद्यावर तीन वार चुकले की खेळाडू खेळालाच लबाड ठरवतो. यावर काही खेळ फासे गुपचूप खेळाडूच्या बाजूने झुकवतात. माझा त्याला विरोध आहे. झुकवायचेच असतील तर ती सोय 'बॉल्डर्स गेट 3' मधल्याप्रमाणे उघडपणे, बंद करता येईल अशी द्यावी. त्यापेक्षा उत्तम उपाय नियमांतच आहे. दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत मिळाली की वरची 55 टक्क्यांची शक्यता जवळपास 80 टक्क्यांवर जाते. ही सवलत उंचावर उभे राहून किंवा लपून मिळवता आली, तर खेळाडू नशिबावर कुढत बसण्याऐवजी जागा शोधू लागतो.

प्रत्येक फाशाचा पूर्ण हिशेब नोंदपट्टीत दिसला पाहिजे: फाशावर किती पडले, कशाचे किती मिळवले, समोर किती हवे होते. चुका शोधतानाही याच पट्टीचा आधार मिळतो. फाशांची अंतर्गत स्थिती जतन केलेल्या डावासोबतच साठवावी, म्हणजे तोच डाव पुन्हा उघडून तोच वार केल्यास तोच आकडा पडेल आणि मनासारखा आकडा येईपर्यंत डाव पुन्हापुन्हा उघडण्याचा मोह उरणार नाही.

सहावी पायरी: जागा, मंत्र आणि विश्रांती

चौकटींचा पट घेतल्यास तिरक्या पावलाचा हिशेब आधीच ठरवावा. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 3.5 आवृत्तीत दुसरे प्रत्येक तिरके पाऊल दुप्पट मोजले जाते, पाचवीच्या साध्या नियमात सगळी सारखी. संगणकाला दोन्ही सारखेच सोपे. खेळाडूला मात्र कुठवर जाता येईल हे रंगवून दाखवले पाहिजे. अग्निगोळ्याचे वीस फूट त्रिज्येचे वर्तुळ टाकण्याआधी कोण कोण त्यात सापडते, हेही तसेच दाखवावे.

ज्या मंत्रांचा अर्थ खेळाडूच्या बोलण्यावर अवलंबून असतो, ते एकतर ठरावीक पर्यायांत बसवावेत किंवा वगळावेत. आभास निर्माण करणारा मंत्र "शत्रूंचे लक्ष या चौकटीकडे वळते" एवढा केला तरी चालतो. इच्छापूर्तीचा मंत्र ठेवूच नये.

विश्रांतीचा प्रश्न याहून मोठा आहे. टेबलावर खेळाडू दर लढाईनंतर झोपू लागले तर गेम मास्टर दारावर थाप वाजवतो. संगणकात तो नसतो, आणि मंत्रांची सगळी किंमतच ते परत मिळायला लागणाऱ्या वेळात आहे. 'बॉल्डर्स गेट 3' मध्ये लांब विश्रांतीला शिधा लागतो. 'सोलास्टा' या 2021 च्या खेळात भुयारांत ठरलेल्या जागीच मुक्काम करता येतो. यांपैकी एखादा अडसर घालावाच.

सातवी पायरी: शत्रूला स्वभाव द्यावा

गेम मास्टर गॉब्लिन चालवताना नेहमी सर्वोत्तम चाल खेळत नाही. तो घाबरलेला गॉब्लिन चालवतो. निव्वळ हिशेबी शत्रू दर फेरीत जादूगारालाच गाठतो, आणि मग लढाई एकसुरी होते. प्रत्येक जातीला दोन-तीन ओळींचा स्वभाव लिहावा: गॉब्लिन जखमी झाला की पळतो, लांडगे एकट्या पडलेल्याला घेरतात, ऑर्क ज्याने शेवटचा घाव घातला त्याच्यावरच उलटतो. स्वभाव लिहून झाले की तीच लढाई संगणकाकडून हजार वेळा खेळवून घ्यावी आणि कोणती बाजू किती वेळा, किती फेऱ्यांत जिंकते ते पाहावे. सरासरी फेऱ्या सहा-सातच्या वर जात असतील, तर शत्रूंचे जीवनगुण कमी करावेत. पाळीच्या खेळात लांबलेली लढाई खेळाडूला थकवते.

त्यानंतर ज्यांनी हे साहस टेबलावर खेळले आहे अशांना ते संगणकावर खेळायला बसवावे आणि आपण मागे वही घेऊन उभे राहावे. कुठे ना कुठे त्यांच्यापैकी कुणीतरी पडद्यावरून नजर काढून विचारील, "इथे ते बाकडे उलटवता येत नाही का?" ती जागा टिपून घ्यावी, बाकड्यावर टिचकी मारण्याची सोय करावी, ताकदीसाठी बारा ठेवावेत आणि पुढची लढाई उघडावी.